मँचेस्टरचा टाउन हॉल: आधी प्लॅन बघा, मग कमानी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला सेमिनारसाठी तुम्ही मँचेस्टरचा टाउन हॉल घेतलाय, आणि विषय ऐकताच सरांनी शेरा मारला, 'चर्चची नक्कल आहे ती, वीस मिनिटं काय बोलणार?' त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. महापालिकेच्या कचेरीला चर्चचं रूप का दिलं? मुंबईच्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन थाटाच्या इमारती हिच्यावरूनच उचलल्या का? आणि दुरुस्तीवर चाळीस कोटी पौंडांहून जास्त खर्च करावा असं त्यात आहे तरी काय?

मी इंग्लंडमध्ये जुन्या सार्वजनिक इमारतींच्या जतन-दुरुस्तीचं काम करते, त्यामुळे तिन्हींवर बोलू शकते. पण खरी अडचण वेगळीच आहे असं मला वाटतं. तुम्ही ही इमारत फोटोंवरून वाचताय. फोटोत टोकदार कमानी दिसतात, मनोरा दिसतो, पुतळे दिसतात, आणि मग 'गॉथिक' हा शब्द लिहून झाला की पुढे लिहायला काही उरत नाही. या इमारतीची हुशारी तिच्या प्लॅनमध्ये आहे. तिला काम मिळालं तेही प्लॅनवरच.

1867 मध्ये मँचेस्टरने नव्या टाउन हॉलसाठी स्पर्धा जाहीर केली तेव्हा शंभराहून अधिक आराखडे आले. निवड झाली आल्फ्रेड वॉटरहाउसची. त्याचा आराखडा दिसण्यात पहिला नव्हता. सौंदर्याच्या निकषावर तो चौथा आला, त्याच्या पुढे असलेल्यांत जॉन ओल्ड्रिड स्कॉटही होता. (हे नाव लक्षात ठेवा, मुंबईकडे वळल्यावर लागेल.) मात्र दालनांची मांडणी, उजेड आणि हवा यांत वॉटरहाउस सगळ्यांच्या वर होता, म्हणून 1868 मध्ये काम त्याला दिलं गेलं. सरांना हे एवढं जरी सांगितलंत तरी निम्मी लढाई जिंकलीत. नक्कलच हवी असती तर परीक्षकांनी पहिल्या तिघांपैकी कुणालाही निवडलं असतं.

जागा कशी होती ते बघा. समोर अल्बर्ट स्क्वेअर, एका अंगाला प्रिन्सेस स्ट्रीट, दुसऱ्या अंगाला लॉइड स्ट्रीट, आणि मागे दोन्ही बाजू जवळ येत कूपर स्ट्रीटला संपतात. म्हणजे टोक मोडलेला समोसा. त्यावर एक मोठं सभागृह बसवायचं, महापौरांची दालनं बसवायची, आणि पाणी, गॅस, कर, आरोग्य अशा वाढत चाललेल्या खात्यांच्या कचेऱ्याही बसवायच्या. शिवाय गावातल्या गिरण्यांच्या धुराने दिवसाढवळ्या अंधारून यायचं आणि वीज अजून यायची होती. कागदावर त्रिकोण काढा आणि स्वतः प्रयत्न करून बघा. मधल्या भागात उजेड पोचवताना नाकी नऊ येतात.

वॉटरहाउसने ग्रेट हॉल त्रिकोणाच्या पोटात ठेवला, पहिल्या मजल्यावर. त्याच्या भोवती चौक मोकळे सोडले. कचेऱ्या बाहेरच्या कडेने, रस्त्याकडे तोंड करून लावल्या आणि त्यांना जोडणारा कॉरिडॉर आतल्या अंगाने, चौकातून उजेड घेत फिरवला. कोपऱ्यांत गोल जिने आले. त्यामुळे कामासाठी आलेला माणूस समारंभाच्या दालनांत न शिरता आपल्या खिडकीपर्यंत पोचतो. महापौरांचे पाहुणे मात्र मनोऱ्याखालच्या मुख्य दारातून आत येतात आणि रुंद जिन्यांनी वर जातात. या जिन्यांच्या पायऱ्या मुद्दाम ठेंगण्या ठेवल्या आहेत, कारण घोळदार झगे घातलेल्या बायकांना त्या चढायच्या होत्या. दर्शनी भागावरची शिल्पं बघण्याआधी हे दोन रस्ते प्लॅनवर दोन रंगांनी काढा.

आता हवेकडे येते. माझ्या व्यवसायातल्या लोकांना ही इमारत आवडते ती मुख्यतः यासाठी. बाहेरच्या भिंतीत खिडक्यांच्या खाली दगडी झरोके आहेत. तिथून थंड हवा आत येते, गरम पाण्याच्या नळ्यांच्या वेटोळ्यांमागून जाते, तापते आणि खोलीत पसरते. तापलेली हवा जिन्यांच्या विहिरीत आणि गोल जिन्यांच्या पोकळ गाभ्यातही सोडली आहे, तिथून ती कॉरिडॉरना मिळते. म्हणजे फोटोत जो जिना 'मध्ययुगीन' दिसतो तो एअर डक्टसुद्धा आहे. त्याच जिन्यांच्या कठड्यांच्या दांडीखाली दिव्यांच्या गॅसच्या नळ्या लपवल्या आहेत. मजले लोखंडी तुळया आणि काँक्रीट वापरून आगीला टिकतील असे केले आहेत. तेराव्या शतकातल्या कुठल्याही चर्चमध्ये यातलं काही मिळणार नाही. मी अशा इमारतीची पाहणी करते तेव्हा पहिल्या फेरीत भिंतीत कुठे पोकळी आहे ते हाताने ठोकून बघते. नक्षीच्या मागे काय वाहतं हे कळेपर्यंत नक्षीवर मत देऊ नये, असं माझं तरी मत आहे.

तरीही तुमचा पहिला प्रश्न उरतोच. सोय एवढी आधुनिक होती तर अंगावर गॉथिक का चढवलं?

याचं उत्तर काळावर आणि गावावर अवलंबून आहे. इंग्लंडमधले टाउन हॉल सगळे गॉथिक नाहीत. लीड्सचा टाउन हॉल कथबर्ट ब्रॉड्रिकने बांधला, 1858 मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्याचं उद्घाटन केलं, आणि तो भल्याथोरल्या खांबांचा, रोमन थाटाचा आहे. बर्मिंगहॅमचा 1834 चा टाउन हॉल तर थेट रोमन देवळासारखा. मँचेस्टरचाच जुना टाउन हॉल किंग स्ट्रीटवर होता, 1820 च्या दशकात फ्रान्सिस गुडविनने बांधलेला, ग्रीक पद्धतीचा. तो अपुरा पडला म्हणून नवा आला. जुन्याचे खांब 1912 मध्ये हीटन पार्कात तळ्याकाठी नेऊन उभे केले, ते आजही तिथे आहेत. मागे इमारत नाही, नुसता दर्शनी भाग. सेमिनारला त्याचा फोटो जरूर दाखवा.

म्हणजे ग्रीकही चालत होतं, रोमनही चालत होतं. 1860 च्या सुमारास वारा फिरला. वेस्टमिन्स्टरचं संसद भवन गॉथिकमध्ये उभं राहिलं होतं, त्यामुळे ही शैली चर्चपुरती उरली नव्हती. मँचेस्टरमध्ये खुद्द वॉटरहाउसनेच ॲसाइझ कोर्टाची, म्हणजे मोठ्या फौजदारी न्यायालयाची इमारत गॉथिकमध्ये बांधून दाखवली होती आणि ती लोकांना आवडली होती. (दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यात तिचं नुकसान झालं, पुढे ती पाडली.) आणखी एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. मध्ययुगात फ्लँडर्समधल्या, म्हणजे मुख्यतः आजच्या बेल्जियममधल्या कापड व्यापाऱ्यांनी आपल्या गावांत मनोऱ्यांचे कापड-बाजार आणि नगरभवनं बांधली होती. मँचेस्टरही कापडावर जगणारं गाव. तिथल्या व्यापाऱ्यांना राजवाडा किंवा चर्च यांच्याशी नातं सांगण्यापेक्षा त्या स्वतंत्र वृत्तीच्या कापड-शहरांशी नातं सांगणं जास्त जवळचं होतं. सरांना चर्च दिसतं, बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर व्यापारी नगरभवन होतं.

धुराचाही विचार होता. मँचेस्टरच्या हवेत रंगीबेरंगी दगड लावला असता तर काही वर्षांत सगळा एकाच काळ्या रंगाचा झाला असता. म्हणून बाहेरून ब्रॅडफर्डकडचा स्पिंकवेल नावाचा कठीण वालुकाश्म, एकाच रंगाचा. परिणाम साधायचा तो उंची, खोली आणि सावली यांतून. त्या दगडाच्या आत 1 कोटी 40 लाख विटा आहेत. रंगांची हौस आत भागवून घेतली, टेराकोटा, मोझेक आणि रंगवलेल्या छतांवर. ग्रेट हॉलबाहेरच्या जमिनीवर मोझेकमध्ये मधमाश्या आहेत, कारण कष्टाळू मधमाशी 1842 पासून शहराच्या मानचिन्हात आहे. ग्रेट हॉलच्या छतावर मँचेस्टर ज्यांच्याशी व्यापार करत होतं त्या देशांची आणि शहरांची चिन्हं रंगवली आहेत. छतावर संत आणि देवदूत नाहीत, गिऱ्हाईकं आहेत! नक्कल म्हणणाऱ्यांनी चर्चमध्ये असं छत दाखवावं.

माणसं कोण होती तेही थोडं सांगते, नाहीतर हे सगळं नुसतं तंत्र वाटेल. 13 सप्टेंबर 1877 ला उद्घाटन झालं. राणीला बोलावलं होतं, ती आली नाही. का आली नाही यावर गावात अजून गप्पा चालतात. उद्घाटन केलं महापौर एबल हेवूड यांनी. हा गृहस्थ पुस्तकं-वर्तमानपत्रं विकणारा, आणि तरुणपणी कर न भरलेली, म्हणजे सरकारी शिक्का नसलेली वर्तमानपत्रं विकल्याबद्दल चार महिने तुरुंगात बसून आलेला. मनोऱ्यातल्या आठ टनांहून जड घंटेला त्याच्यावरून 'ग्रेट एबल' म्हणतात. मुख्य दारातून आत गेलं की दोन्ही अंगांना दोन पुतळे बसलेले आहेत, जॉन डाल्टन आणि जेम्स जूल. एक अणूवाला, दुसरा ऊर्जेवाला. दोघांचंही काम याच शहरातलं. बाकी इमारतीवर राजे-सेनापती आहेतच, पण दारातला मान या दोघांना आहे.

ग्रेट हॉलमध्ये फोर्ड मॅडॉक्स ब्राउनने 1879 ते 1893 या काळात काढलेली 12 मोठी भित्तिचित्रं आहेत. रोमन किल्ल्यापासून डाल्टनपर्यंतचा मँचेस्टरचा इतिहास. त्यातलं एकच जवळून बघू. जॉन केने हातमागावरचा धावता धोटा शोधला, त्यामुळे विणकरांचं काम झपाट्याने होऊ लागलं आणि पोटावर पाय येणार या भीतीने जमाव त्याच्या घरावर चालून आला, असा प्रसंग आहे. चित्रात शोधक अजिबात रुबाबदार नाही. दोघं जण त्याला लोकरीच्या कापडात गुंडाळून पळवून नेण्याच्या घाईत आहेत आणि तो तेवढ्यात बायकोचा मुका घेतोय. सरकारी भिंतीवर यंत्रयुगाच्या जनकाचं असं चित्र काढायला धीटपणा लागतो. पण याच भिंतींवर 16 ऑगस्ट 1819 चं पीटरलू नाही. मताधिकार मागायला जमलेल्या लोकांवर घोडदळ घातलं गेलं ते मैदान इथून हाकेच्या अंतरावर होतं, तरी 12 चित्रांत त्याला जागा मिळाली नाही. महापालिकेने काय सांगायचं ठरवलं आणि काय गाळायचं ठरवलं, यावर तुमची पाच मिनिटं सहज निघतील.

आता मुंबई. 'नक्कल का' याचं उत्तर नक्कल कशाला म्हणता यावर आहे. काळाची सांगड बघा. 1861 ते 1865 या अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला, मँचेस्टरभोवतालच्या लँकेशर परगण्यातल्या गिरण्या बंद पडल्या आणि कामगारांची उपासमार झाली. त्याच वेळी हिंदुस्थानातल्या कापसाचा भाव आभाळाला भिडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशातून आणि पाठोपाठच्या सट्ट्यातून प्रेमचंद रायचंद उभे राहिले. त्यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर झाला, 1869 ते 1878. मँचेस्टरचा मनोरा त्याच दशकातला. दोन्हींची उंची 280 फूट! हा निव्वळ योगायोग असेल, पण एका कापसाच्या दोन टोकांना सारख्या उंचीचे दोन मनोरे त्याच वर्षांत चढत होते, हे खरं आहे. राजाबाईचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, जो मुंबईला कधी आलाच नाही. मँचेस्टरच्या स्पर्धेत देखणेपणात वॉटरहाउसच्या पुढे गेलेला जॉन ओल्ड्रिड हा त्याचाच मुलगा. तेव्हा मुंबईने मँचेस्टरचं बघून काढलं असं म्हणण्यापेक्षा दोन्ही शहरं लंडनच्या एकाच वर्तुळातून आराखडे घेत होती असं म्हणा. आपल्याकडेही आधी ग्रीक, मग गॉथिक हाच क्रम आहे. फोर्टातला 1833 चा टाउन हॉल, म्हणजे आपलं एशियाटिक, डोरिक खांबांचं आहे.

आणि प्लॅनवर गेलात तर दोन्ही उलटे निघतात. मँचेस्टरमध्ये कॉरिडॉर आत आणि खोल्या रस्त्यावर, कारण थंडी आणि काजळी बाहेर ठेवायची होती. मुंबईत जुनं सचिवालय, विद्यापीठाचं ग्रंथालय, हायकोर्ट बघा. तिथे कमानींचे व्हरांडे बाहेरच्या अंगाला आहेत, समुद्रावरचा वारा आत घ्यायला आणि ऊन-पाऊस भिंतीपासून लांब ठेवायला. कमान तीच, काम वेगळं. मुंबई महापालिकेची इमारत त्याहून गमतीची आहे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची ती इमारत 1893 मध्ये पूर्ण झाली, आणि तिलाही दोन रस्त्यांमधली निमुळती जागा मिळाली. वॉटरहाउसने मनोरा रुंद बाजूच्या मध्यावर, चौकाकडे तोंड करून ठेवला. स्टीव्हन्सने तो दोन अंगं जिथे मिळतात त्या टोकावर, बोरीबंदरच्या बाजूला उभा केला आणि वर घुमट चढवला. एकाच अडचणीची ही दोन उत्तरं शेजारी ठेवून दाखवा. मला विचाराल तर तुमच्या सेमिनारचा गाभा हाच.

शेवटचा प्रश्न खर्चाचा. 1945 मध्ये शहराच्या विकास आराखड्यात हा टाउन हॉल पाडून नवा बांधावा असाही विचार मांडला गेला होता. तो मागे पडला आणि 1952 मध्ये इमारतीला पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं. 2018 च्या सुरुवातीला ती पूर्ण दुरुस्तीसाठी बंद केली. सुरुवातीचा अंदाज तीस कोटी पौंडांच्या आसपासचा होता, तो पुढे बराच वाढला. बाहेरच्यांना हा उधळेपणा वाटतो. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे, आणि त्याची कारणं वर सांगितलेल्या हुशारीतच आहेत.

वायरिंग, हीटिंग, लिफ्ट, छप्पर, खिडक्या सगळ्यांचं आयुष्य एकदमच संपत आलं होतं. अशा इमारतींत नवीन नळी किंवा तार टाकायची म्हणजे कुठल्या तरी कमानी छतामागे, फरशीखाली किंवा जुन्या हवेच्या पोकळीत शिरावं लागतं. तिथे मधल्या पिढ्यांनी काय कोंबून ठेवलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही. आणि उघडायचं म्हणजे मोझेक, टेराकोटा, रंगवलेलं लाकूड हात न लावता, किंवा प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकून काढायचं. छपराला इतके उतार, खाचा आणि बुरुज असतात की एखादी पन्हळ तुंबली तरी पाणी तीन खोल्या सोडून चौथीत उतरतं. मी अशा कामात नेहमी छपरापासून सुरुवात करते आणि पाण्याच्या मागोमाग खाली येते. दगडाच्या दरजा पूर्वी कुणी सिमेंटने भरल्या असतील तर त्या उकरून पुन्हा चुन्याने भरायच्या, कारण सिमेंट ओल अडवतं आणि मग दरजेऐवजी वालुकाश्मच सोलत जातो. हे सगळं परांचीवर उभं राहून, पाथरवटाच्या हाताने. एवढा खर्च योग्य का, ते शहर त्या इमारतीचं पुढे काय करणार यावर अवलंबून आहे. नुसती बघायला ठेवायची असेल तर महाग. कचेरी, सभा, लग्नं, नागरिकांचं जाणं-येणं असं सगळं पुन्हा चालणार असेल तर नवीन बांधण्याशी तुलना करताना ग्रेट हॉल आणि ती 12 चित्रं कुठल्या रकान्यात मांडायची, ते आधी ठरवावं लागेल.

सेमिनारसाठी एवढं करा. दोन छेद काढा, एकाच मापात: मँचेस्टरचा रस्त्यापासून आतल्या चौकापर्यंत आणि जुन्या सचिवालयाचा व्हरांड्यापासून आतल्या खोलीपर्यंत. बाणांनी हवा आणि उजेड दाखवा. वेळ उरला तर लॉइड स्ट्रीटवरचे झाकलेले पूल दाखवा. 1938 मध्ये व्हिन्सेंट हॅरिसने पलीकडे एक्स्टेंशन बांधलं, त्याला एका बाजूला गॉथिक टाउन हॉल आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच बांधलेलं गोल, अभिजात थाटाचं ग्रंथालय सांभाळायचं होतं. त्याने उंच उतरतं छप्पर घेतलं, भिंती साध्या ठेवल्या आणि टोकदार कमानींच्या नादी लागला नाही. त्या जोडावर सरांशी वाद घालायला भरपूर जागा आहे.